आत्याचा फोन

गेल्या वर्षी आत्या सातारा सोडून चंदीगडला आमच्याकडे आली. जवळच मोहालीत नॉलेज सिटी आहे. तेथे आयसर व नॅनोविज्ञान संस्था उभ्या आहेत. पण आत्याशी मराठीत दोन शब्द बोलणारे आमच्या घराबाहेर कोणी नाही. साताऱ्याची धाकटी बहीण, एवढाच तिचा विसावा. म्हणून मी हौसेने तिला स्पर्शपडद्याचा फोन आणून दिला.

परंतु तो पडदा बोटातील विद्युत्वाहकता ओळखतो. ऐंशी वर्षांची शुष्क बोटे त्याला ओळखूच येईनात. मी त्रागा करीत पुनःपुन्हा शिकवी. एके दिवशी तिने तो माझ्या हाती ठेवला व म्हणाली, "राहू दे रे, मला आता कोणाशी बोलायचं नाही." ते वाक्य कचेरीत दिवसभर माझा पिच्छा सोडीना.

सायंकाळी २२ सेक्टरच्या बाजारातून मोठ्या बटणांचा साधा फोन आणला. त्याच्या पाचाच्या बटणावर उंचवटा असतो. तो चाचपला की बाकीचे आकडे न पाहता सापडतात. दोनाचे बटण दाबून धरले की साताऱ्याला घंटा वाजेल, तिनाचे धरले की माझ्या खिशात, अशी योजना करून दिली.

आता रोज दुपारी साताऱ्याशी गप्पा होतात. तिनाचे बटण मात्र तिने अद्याप दाबलेले नाही. विचारले तर म्हणते, "तू कामात असतोस."

ही समजूत माझ्याच त्राग्याने झालेली आहे. तेव्हा उद्या दुपारी कचेरीतून मीच तिला फोन करणार आहे.