भूमीच्या पोटातील ऊब

बीड जिल्ह्यात सिंदफणा नदीच्या काठी शिरूर कासार हे गाव वसले आहे. या गावच्या शिवारात विहीर खणू लागले म्हणजे पृथ्वीचा जुना ग्रंथच पानापानाने उघडू लागतो. आरंभी काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम, मुरुमाखाली बारीक पोकळ्यांनी भरलेला मांजऱ्या खडक, आणि मग पहारीचा घाव परतवून लावणारा काळा पाषाण. त्या पोकळ्या म्हणजे तप्त शिलारसातून निसटू पाहणाऱ्या वायूंचे बुडबुडे होत. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून शिलारसाचे पूर आले, थरांवर थर साचले आणि दख्खनचे पठार घडले. आज जी भूमी पावसाच्या एकेका सरीसाठी आसुसलेली असते, तिच्यावरून एके काळी अग्नीच्या नद्या वाहिल्या होत्या!

त्या अग्नीचा काही अंश अद्याप खाली उरला असेल काय? हिवाळ्यातील पहाटे विहिरीतून वाफा निघताना दिसतात, हाताला पाणी कोमट लागते, आणि पाहणाऱ्याला वाटते की, जमिनीच्या पोटात कोठेतरी चूल धगधगत आहे. परंतु हा इंद्रियांचा भ्रम आहे. विहिरीचे पाणी वर्षभर जवळजवळ सारख्याच तपमानाचे असते. पहाटेची हवा मात्र गारठलेली असते, म्हणून ते ऊन भासते. दख्खनच्या शिलारसाची धग तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच निवून गेली. काळा पाषाण हा अग्नीचा पुत्र खरा. पण वारसा म्हणून त्याच्याजवळ अग्नी उरलेला नाही.

तरीही भूमीच्या पोटात ऊब आहे, हे खोटे नव्हे. पृथ्वी घडली त्या वेळची उष्णता तिच्या अंतरंगात अजून शिल्लक आहे. शिवाय खोलवरच्या खडकांत युरेनियम, थोरियम यांसारखी द्रव्ये कणाकणाने विघटन पावत असतात व त्यांतून नवी उष्णता निर्माण होते. जसजसे खाली जावे तसतसे तपमान वाढत जाते. सामान्यतः दर किलोमीटरला 25 ते 30 अंशांनी. दख्खनसारख्या पुरातन आणि स्थिर भूभागात ही वाढ त्याहून मंद असते. 1993 च्या सप्टेंबरात लातूर जिल्ह्यातील किल्लारी भूकंपाने हादरल्यानंतर शास्त्रज्ञांनी तेथे खोल विंधन केले. तेव्हा सुमारे 338 मीटर काळ्या पाषाणाखाली त्याहून कितीतरी प्राचीन खडकांचा पाया आढळला. शिरूरच्या खालीही असाच पुरातन पाया आहे आणि त्यात ऊबही आहे. परंतु ती इतक्या खोलवर आहे की, माणसाच्या चुलीला तिचा उपयोग होत नाही.

ऊब वर यावयाची तर तिला दोन सोबती लागतात: पाणी आणि वाट. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तप्त खडकांना बिलगते, हलके होते आणि दुसऱ्या भेगेने पुन्हा वर येते. कोकणात नेमके हेच घडते. पाऊस उदंड, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी भूमीला दूरवर पडलेल्या भेगा. म्हणून पालघरपासून राजापूरपर्यंत गरम पाण्याच्या झऱ्यांची एक माळच दिसते. वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ, राजवाडी ही त्यांतील प्रसिद्ध स्थळे. रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवऱ्याचे पाणी तर 70 अंशांच्या जवळपास तापलेले असते. उन्हवरे, जळगाव जिल्ह्यातील उनपदेव, पैनगंगेकाठचे उनकेश्वर ही नावे ऐकताच ‘ऊन पाणी’ हा घरोघरचा शब्द आठवतो. शास्त्रज्ञांनी तपमापक बुडविण्याच्या कितीतरी आधी लोकांनी गावांच्या नावांतच ही नोंद करून ठेवली होती.

या उबेचे खरे वैभव पाहावयाचे असेल, तर लडाखच्या शीत वाळवंटात पुगा खोऱ्याकडे गेले पाहिजे. समुद्रसपाटीपासून सुमारे 4,400 मीटर उंचीवर पाऊस नाममात्र, झाड औषधालाही नाही, आणि थंडी हाडे गोठविणारी. अशा ठिकाणी जमिनीतून उकळते पाणी उसळते! हवा विरळ असल्याने तेथे पाणी 84 अंशांच्या सुमारासच उकळते. भारताचा भूखंड सरकत सरकत आशिया खंडाला भिडला. त्या सांध्याजवळच हे खोरे आहे. तेथील कवच दुमडलेले आणि भेगाळलेले असल्यामुळे उष्णतेला वर येण्यास वाट मिळते, आणि हिमाचे वितळलेले पाणी तिला वाहून आणते. पाण्याबरोबर टाकणखार आणि गंधकही येतात. 1970 नंतरच्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने तेथे सुमारे 385 मीटर खोलीपर्यंत विंधने घेतली. बाहेर पडणाऱ्या उष्णतेने खोल्या उबदार ठेवण्याचे आणि टाकणखार शुद्ध करण्याचे प्रयोगही झाले.

अशा वाफेपासून वीज निर्माण होते, हे इटलीतील लार्देरेल्लो येथे 1904 साली प्रथम सिद्ध झाले. त्या दिवशी पाच दिवे उजळले, एवढेच. पण त्या पाच दिव्यांनी साऱ्या जगाला एक नवी वाट दाखविली. ही ऊर्जा सूर्य मावळल्याने थांबत नाही, वारा पडल्याने मंदावत नाही. पुग्यालाही 1 मेगावॅटचे प्रायोगिक वीजगृह उभारण्याचा संकल्प 2021 साली झाला. परंतु 2022 साली विंधन चालू असता भूगर्भातील तप्त द्रव तेथील ओढ्यात उतरला आणि काम थांबवावे लागले. त्याच खोऱ्यात चांगपा मेंढपाळ आपली जनावरे चारतात, काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. भूमीच्या पोटात हात घालताना तिच्या अंगाखांद्यावर कोण नांदत आहे, हे विसरून चालत नाही.

याहून मोठा धडा अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने शिकविला. तेथील ‘गीझर्स’ नावाच्या क्षेत्रात 1960 पासून वाफेवर वीज निर्माण होऊ लागली. वाफ विपुल आहे असे पाहून वीजगृहांवर वीजगृहे उभी राहिली. पण 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस वाफेचा दाब घसरू लागला. खडक तापलेलेच होते. आटले होते ते पाणी. तेव्हा लोक जागे झाले. 1997 पासून लगतच्या वस्त्यांचे सांडपाणी शुद्ध करून नळांनी त्या खडकांत सोडण्यात येऊ लागले, 2003 पासून त्यात आणखी एका नगराच्या पाण्याची भर पडली, आणि ओसरत चाललेले क्षेत्र सावरले.

ही कथा दूरदेशीची असली, तरी शिरूर कासारच्या शेतकऱ्याला तिचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको. त्याच्या विंधनविहिरीतील पाणीही असेच हरपत गेले आहे. शंभर फुटांवर लागणारे पाणी दोनशेवर गेले, दोनशेचे चारशेवर. आणि जो अधिक खोल जाईल त्यालाच ते मिळेल, अशी स्पर्धा लागली. मांजऱ्या खडकातील पोकळ्या आणि काळ्या पाषाणातील भेगा ही निसर्गाने बांधलेली कोठारे होत. कोठारातून धान्य काढावयाचे आणि सुगीत ते पुन्हा भरावयाचे, हा घरचा साधा नियम; मात्र जमिनीच्या कोठाराच्या बाबतीत माणूस तो सोयीस्करपणे विसरतो. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, ओढ्यांवरील लहान बंधारे ही सारी त्या विसरलेल्या नियमाची उजळणी आहे.

2025 साली भारत सरकारने भूगर्भातील उष्णतेच्या उपयोगाविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. उद्या पुग्याच्या खोऱ्यात दिवे लागतील, कोकणातील झऱ्यांच्या उष्णतेवर धान्य आणि मासळी सुकविली जाईल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. पण ऊब असो की पाणी, भूमीचे दान हे दान नव्हे; ती उसनवारी आहे. जो उसने वेळेवर फेडतो, त्याला भूमी कधी रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही.