सूर्यास्तापूर्वीचे ताट

गेल्या डिसेंबरात मुलाच्या आग्रहामुळे आम्ही उभयता व्हिएतनामला गेलो. हनोईच्या जुन्या पेठेत, होआन कीएम तलावाजवळच्या एका साध्या, अल्पदराच्या हॉटेलात चार रात्रींचा मुक्काम होता. बाळापूरच्या बाजारात वाढलेल्या माणसाला ती पेठ परकी वाटत नाही. पूर्वापार एकेक गल्ली एकेका मालाची. गल्ल्यांच्या नावांतील ‘हांग’ या शब्दाचा अर्थच माल. हांग बाक ही चांदीची गल्ली, आणि तेथे आजही सराफी दुकाने आहेत. घरे दर्शनी अरुंद, आत खोलवर गेलेली. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड.

सौभाग्यवतींचा चौविहार आणि कंदमूळत्याग अनेक वर्षांपासून अखंड आहे. सहल ठरवून देणाऱ्याने ‘जैन भोजनाची सोय होईल’ असे सांगितले होते. बँकेत सहीशिवाय एक रुपया न सोडणाऱ्या मी ही गोष्ट मात्र तोंडी शब्दावर सोडली.

पहिल्या दिवशी हॉटेलात पोहोचेपर्यंत साडेचार वाजले. खालच्या उपाहारगृहातील मुलीला मी खुणेने म्हटले, “चाय.” तिने आनंदाने मान डोलावली. बऱ्याच वेळाने आले ते मुळा, गाजर आणि अळंबीचे वाफाळते सूप! तेथे चहाला ‘चा’ म्हणतात; ‘चाय’सारखा ऐकू येणारा शब्द म्हणजे शाकाहारी जेवण. हा उलगडा होईपर्यंत सूर्य मावळला. डिसेंबरात तेथे सव्वापाचच्या सुमारासच सूर्यास्त होतो. सौभाग्यवतींनी शांतपणे प्रत्याख्यान घेतले. मी मात्र त्या मुलीवर आवाज चढवला. ती मान खाली घालून उभी राहिली.

खोलीत आल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, तिची काय चूक? तुम्ही ‘चाय’ मागितली, तिने ‘चाय’च आणली. उपवास मला घडला, राग तुम्हाला आला. मग नियम कोणाचा मोडला?” मला उत्तर सुचले नाही.

सकाळी मी प्रथम त्या मुलीची क्षमा मागितली. मग मोबाईलवरील भाषांतराच्या आधारे सारे लिहून दिले: मांस, मासे, अंडी नकोत, तेथे पुष्कळ पदार्थांत पडणारा माशांचा रस नको, कांदा-लसूण, अळंबी, जमिनीखाली वाढणारे काही नको, आणि जेवण सूर्यास्तापूर्वी हवे. तिने स्वयंपाकघरातून एका वृद्ध बाईंना बोलावले. कागद वाचून त्या हसल्या. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी त्या स्वतः ‘चाय’ पाळत. तेथील व्रतस्थ बौद्ध कांदा-लसूणही वर्ज्य करतात. त्यांना नवी होती ती दोनच कलमे: कंदमूळ आणि सूर्य. त्यांनी कारण विचारले. सौभाग्यवतींनी सांगितले, “कंदात अनंत जीव असतात, आणि तो उपटला की सारे रोपच जाते.” बाईंनी क्षणभर विचार केला आणि ओट्यावरची गाजरे उचलून बाजूला ठेवली.

त्यानंतर रोज साडेचारला, उपाहारगृह उघडण्याच्या दीड तास आधी, आमची ताटे मांडलेली असत. भात, सोयाबीनचे पनीर, नाळीची पालेभाजी, आणि थर्मासमध्ये उकळलेले पाणी. कढई वेगळी धुऊन घेतलेली. एका रुपयाला सुमारे 300 डोंग, त्यामुळे बिलावर लाखाचा आकडा दिसे. परंतु त्या दीड तासाचा आकार त्यात कधीच नव्हता.

जाणाऱ्यांनी खाकरा, मेथीचे ठेपले जरूर न्यावेत. पण आपले नियम व्हिएतनामी भाषेत लिहिलेला कागदही आधीच जवळ ठेवावा.

परतताना मला बाळापूरच्या शाखेतील एक संध्याकाळ आठवली. मार्चअखेर रमजानात आली होती. सूर्यास्तापूर्वी माझे मुसलमान सहकारी म्हणाले, “साहेब, तुमचा डबा आधी. टेबल मी पाहतो.” त्यांचा स्वतःचा दिवसभराचा रोजा होता. सूर्य मावळल्यावर त्यांनी रोजा सोडला, तोवर त्यांचे खातेपुस्तक मी लिहीत बसलो. एकाच सूर्याकडे दोघे उलट बाजूंनी पाहत होतो, आणि एकमेकांची वेळ सांभाळत होतो.

आपल्या श्रावकव्रतांत अतिथिसंविभाग हे शेवटचे व्रत. ते मी आजवर दानाच्या खाती मांडत आलो. पाहुण्याचा नियम आपल्याला पाळायचा नसतानाही तो जपणे, हाही त्याचाच भाग आहे, हे हनोईतल्या एका स्वयंपाकिणीने मला या वयात शिकवले.