आईचा भांग
आमच्या घरात बाबांचे टक्कल हा विनोदाचा विषय. आईचा भांग मात्र वर्षागणिक रुंदावत गेला, त्यावर कोणी बोललेच नाही. ती हळदीकुंकवालाही डोक्यावर पदर घेऊनच जाई. तेले बदलली, शिकेकाई झाली. शेवटी "फार काळजी करतेस" म्हणून दोषही तिलाच.

चाळिशीत माझाही भांग रुंदावला. त्वचारोगतज्ज्ञ म्हणाले, "हे आनुवंशिक आहे. केसांची मुळे हळूहळू लहान होतात. पुरुषांचे कपाळ मागे सरकते, स्त्रियांचा भांग रुंदावतो. वारसा आईकडून येतो, तसा वडिलांकडूनही. मिनॉक्सिडिलने काहींना फायदा होतो, पण ते लावत राहावे लागते."

घरी येऊन म्हटले, "आई, तुझं काहीच चुकलं नव्हतं." ती बराच वेळ गप्प राहिली.

मुलांनो, वर्गात कुणाला 'टकल्या' म्हणण्यापूर्वी हे आठवा.