अलेक्झांडर काझदान : बायझंटाइन माणसाचा इतिहासकार

शाळेच्या इतिहासात बायझंटाइन साम्राज्य आपल्याला भेटते ते मरताना. १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, खुष्कीचा व्यापारी मार्ग अडला आणि युरोपचे दर्यावर्दी नव्या वाटा शोधायला निघाले. धडा तिथून वास्को-द-गामाकडे वळतो. त्याआधीची अकराशे वर्षे त्या मुलखात माणसे राहत होती. ती काय खात होती, कोणाला भीत होती, कोणावर विसंबून होती, हे विचारायला धड्यात जागा नसते. हे विचारण्यात ज्यांनी पन्नासएक वर्षे घालवली त्या अलेक्झांडर पेत्रोविच काझदान यांना जाऊन आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. २९ मे १९९७ रोजी वॉशिंग्टनमध्ये ते अचानक गेले. वय ७४. बायझंटाइन साहित्याच्या इतिहासाचे मोठे काम तेव्हा त्यांच्या हातात होते.

काझदान १९२२ साली मॉस्कोत एका ज्यू कुटुंबात जन्मले. महायुद्धात मॉस्कोतून हलवल्या गेलेल्या असंख्य लोकांप्रमाणे त्यांचेही काही शिक्षण उरलच्या अलीकडच्या उफा शहरात झाले. पुढे मॉस्कोत मध्ययुगीन इंग्लंडच्या शेतीव्यवस्थेचे जाणकार येवगेनी कोस्मिन्स्की त्यांना गुरू म्हणून लाभले. क्रांतीनंतरच्या दोन दशकांत बायझंटाइन अभ्यास रशियात जवळजवळ निषिद्ध ठरला होता. झारशाही आणि चर्च यांच्याशी त्याचे नाते फार जवळचे. युद्धकाळात राष्ट्राभिमानाला उधाण आले तसे या विषयालाही पुन्हा बरे दिवस आले. १९४७ मध्ये ‘विझान्तीस्की व्रेमेनिक’ हे जुने नियतकालिक पुन्हा निघू लागले. विषयाला जागा मिळाली, पण काझदानांना नाही. ज्यू विद्वानांना ‘परके’ ठरवण्याची मोहीम त्याच सुमारास सुरू झाली होती. इव्हानोवो, तुला, वेलीकिये लुकी अशा आडगावच्या अध्यापक महाविद्यालयांत त्यांनी उमेदीची वर्षे काढली. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या इतिहास संस्थेत त्यांना जागा मिळायला १९५६ साल उजाडावे लागले.

त्या आडगावच्या काळातच, १९५४ साली, त्यांनी एक धाडसी निबंध लिहिला. पश्चिमेत रोमन जग कोसळले तरी पूर्वेकडची शहरे अखंड नांदत राहिली, असे तोवर मानले जाई. काझदानांनी इतिवृत्तांवर विसंबायचे सोडून उत्खननात सापडलेल्या नाण्यांकडे पाहिले. सातव्या शतकाच्या मध्यानंतर अनेक शहरांत तांब्याची नाणी एकदम विरळ होतात. तांब्याचे नाणे म्हणजे भाजीबाजाराचे, रोजच्या देवघेवीचे. तेच दिसेनासे झाले, तर बाजार तरी कुठला? शहर नावापुरते उरले, प्रत्यक्षात तटबंदीआडची वस्ती झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता. मायदेशी वाद झालाच, बेलग्रेडमध्ये असलेले त्या काळचे सर्वांत मान्यवर बायझंटाइनतज्ज्ञ गेओर्ग ऑस्त्रोगोर्स्की यांनीही त्याला विरोध केला. पुढे आशिया मायनरमधल्या उत्खननांनी मात्र बऱ्याच अंशी काझदानांची बाजू उचलून धरली. आज सातव्या शतकातल्या नागरी ऱ्हासाची चर्चा त्या निबंधाला वगळून होत नाही.

१९७४ मध्ये अकराव्या-बाराव्या शतकांतल्या सत्ताधारी वर्गावरचे त्यांचे पुस्तक आले. शेकडो घराणी, त्यांची पदे, सोयरिकी, जमिनी आणि मूळ गावे गोळा करून त्यांनी मोजदाद केली. लढणारे सरदार वेगळे, दरबारी कारकुनी करणारे घराणेदार वेगळे, आणि कोम्नेनोस सम्राटांच्या काळात सत्ता सरकली ती पहिल्यांच्या बाजूला, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. साम्राज्य हजार वर्षे थिजून राहिले होते, हा समज त्यामुळे कायमचा सैल झाला.

तरी त्यांची ओळख पक्की झाली ती ज्याला ते ‘होमो बायझंटिनस’ म्हणत त्या माणसामुळे. बायझंटाइन माणूस त्यांना एकटा दिसला. पश्चिम युरोपातल्यासारखी सरंजामी निष्ठेची साखळी त्याच्यापाशी नव्हती, भक्कम व्यावसायिक संघ नव्हते, गावकीही सैल होती. आधार होता तो आपल्या छोट्या कुटुंबाचा. त्यापलीकडे थेट सम्राट आणि देव. आज मंत्रिपदावर असलेल्याचे उद्या डोळे काढले जात, मालमत्ता जप्त होई, मठात रवानगी होई. उमरावालाही हमी नव्हती. माणूस सुटा होता, पण स्वतंत्र नव्हता, असे त्यांचे म्हणणे.

हे चित्र सोव्हिएत राजवटीत हयात घालवलेल्या माणसाने काढले आहे, हे कोणालाही दिसेल. टीकाकारांनी तेच म्हटले : काझदानांनी मॉस्को पाहिले आणि कॉन्स्टँटिनोपल रंगवले. आक्षेपात तथ्य आहे. त्यांच्या साम्राज्यात शेजारधर्म, धर्मबंधुत्व, गल्लीतली कुजबुज यांना जागा कमी पडते. पण भयाचे राज्य कसे चालते हे आतून ठाऊक असल्यामुळेच दरबारी स्तुतिपर भाषणात काय गाळले आहे, संतचरित्रात कर वसूल करणारा कसा डोकावतो, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. अनुभवाने त्यांना प्रश्न दिले. उत्तरे मात्र त्यांनी नाणी, मोहरा आणि हस्तलिखिते यांच्यातूनच काढली, म्हणून विरोधकांनाही ती तपासता येतात.

मुलगा डेव्हिड, पुढे गणितात जगभर गाजलेला, १९७५ मध्ये हार्वर्डला गेला. तीन वर्षांनी काझदान पतिपत्नींनीही देश सोडला आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये ते वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्सला पोहोचले. १९४४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा आराखडा जिथे ठरला, तीच ही वास्तू. हार्वर्डच्या अखत्यारीतले ते बायझंटाइन अभ्यासाचे मोठे केंद्र आहे. पंचावन्नी उलटल्यावर परक्या देशात, परक्या भाषेत नव्याने मांडामांड करायची होती. त्यांनी जोडीदार घेतले : जाइल्स कॉन्स्टेबल यांच्यासह ‘पीपल अँड पॉवर इन बायझंटियम’ १९८२ मध्ये, तर अॅन व्हार्टन एप्स्टीन यांच्यासह अकराव्या-बाराव्या शतकांतील सांस्कृतिक बदलांवरचे पुस्तक १९८५ मध्ये आले.

सर्वांत मोठे काम १९९१ चे. ‘ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑफ बायझंटियम’ तीन खंडांत आली. पाच हजारांहून अधिक नोंदी. मुख्य संपादक काझदान, आणि सुमारे पाचवा हिस्सा नोंदी त्यांच्या स्वतःच्या, खाली ए. के. अशी आद्याक्षरे. संपादकपद अनेकदा शोभेचे असते. इथे संपादकानेच एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे लिखाण केले होते. कोशात सम्राट आणि धर्मपरिषदा असणारच. त्यांच्याच पंगतीला भाकरी आहे, आहार आहे, रोजच्या जगण्याच्या कितीतरी बारीकसारीक गोष्टी आहेत. कोश कसा रचावा याचा हा निर्णय होता, आणि तो काझदानांच्या इतिहासदृष्टीतून आला होता.

अखेरच्या वर्षांत ते साहित्याकडे वळले होते. १२०४ मध्ये धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटले ते डोळ्यांनी पाहणारा इतिहासकार निकेतास खोनियातेस हा त्यांचा जुना आवडता. बायझंटाइन लेखक प्राचीन ग्रीकांची नक्कल करतात, हा शेरा त्यांना मान्य नव्हता. प्रत्येकाचा वेगळा आवाज ऐकू येतो, फक्त साधनग्रंथ म्हणून वाचणे सोडून साहित्य म्हणून वाचायला हवे, असा त्यांचा आग्रह. ६५० ते ८५० या काळावरचा खंड त्यांच्या पश्चात १९९९ मध्ये अथेन्सहून निघाला, पुढचा २००६ मध्ये. त्यानंतरच्या शतकांपर्यंत, खोनियातेसच्या काळापर्यंत, तो इतिहास त्यांच्या हातून पोहोचला नाही. ही उणीव मोठी आहे.

काझदानांनी भक्त जमवले नाहीत, वाद जमवले. त्यांच्या एकट्या, भेदरलेल्या बायझंटाइन माणसाला आज अनेक अभ्यासक नाकारतात. मात्र तसे करताना त्यांनाही सामान्य माणसाच्या घरातूनच, त्याच्या ताटातूनच, त्याच्या भीतीतूनच सुरुवात करावी लागते. अभ्यासाची ही वाट काझदानांनी रुळवली. राजवाड्यातून निघणारा इतिहास आता पुरेसा वाटत नाही, हे त्यांच्या कामाचे सर्वांत टिकाऊ फळ आहे.