भरतपूरहून तीन पत्रं

भरतपूर, 8 जानेवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

काल रात्री उशिरा पोचले. खोली बरी आहे, रजया जाडजूड आहेत आणि जेवणात गाजराचा हलवा आहे. तेव्हा तुझ्या काळजीला फारसा वाव उरलेला नाही.

सकाळी केवलादेव उद्यानात गेले तेव्हा धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. आत मोटारी ठरावीक जागेपर्यंतच सोडतात. पुढे पायी, सायकलने नाहीतर रिक्षाने. माझे रिक्षावाले साठीच्या घरातले सरदारजी आहेत. इथल्या रिक्षावाल्यांना पक्ष्यांची चांगली माहिती असते हे ऐकून होते, पण हे गृहस्थ धुक्यात नुसत्या आवाजावरून बदक सांगतात. मी कॅमेरा पिशवीत ठेवायला लागले तर म्हणाले, ‘बेटी, सूरज दस बजे आएगा, बत्तख तो अभी है.’

त्यांचं ऐकलं ते बरं झालं. धुक्यात रंग गेले तरी आकार उरतात. तलवार बदकाची लांब मान आणि मागे सुईसारखं निघालेलं शेपूट करड्या पाण्यावर एवढं रेखीव दिसतं की रंगांची आठवणही होत नाही. थापट्यांचा थवा मात्र वेगळ्याच कामात होता. चपट्या चोची पाण्यात घालून ती सगळी एकामागोमाग फेर धरत होती. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेलं मागचा गाळून खातो. चोचीच्या कडांना बारीक दाते असतात; पाणी बाहेर जातं, बारीक पाणकिडे आत राहतात. अर्धा तास एकानेही मान वर काढली नाही, आणि डोळा दिसल्याशिवाय बदकाचा फोटो होत नाही!

भिगवणला आपण नावेत बसून फोटो काढतो, त्यामुळे बदक खाली आणि आपण वर. इथे रस्ता बांधावरून जातो आणि दोन्ही बाजूंना उथळ पाणी. मी काठाशी सरळ पालथी पडले. कॅमेरा पाण्याच्या पातळीवर आला की मागचं सगळं लांब जाऊन पुसट होतं आणि बदक आपल्याकडे समोरासमोर बघतं. स्वेटरचं काय झालं ते विचारू नकोस.

दहानंतर खरंच ऊन आलं. थापट्याच्या नराचं डोकं काळं वाटत होतं, ते त्याने मान वळवताच हिरवं झालं. ती हिरवी झाक रंगद्रव्याची नसते, पिसांच्या बारीक रचनेवरून प्रकाश परततो त्याची असते. त्यामुळे सूर्य आपल्या पाठीशी हवा आणि बदकाचं डोकं नेमक्या कोनात. विणीनंतर हेच नर झगमगीत पिसं टाकून मादीसारखे मातकट होतात. हिवाळ्यात पुन्हा नटतात, कारण जोडीदार इथेच ठरवायचा असतो. उत्तरेला परत जाताना बरीचशी जोडीनेच जातात. जानेवारीत ये असं सगळे सांगत होते, ते यासाठी.

तुझी,
मनू


भरतपूर, 10 जानेवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आजचा दिवस उडणाऱ्या बदकांचा. उडालेलं बदक पाहून कॅमेरा उचलला तर हाती शेपूटच लागतं. ते उडण्याआधी काय करतं हे ठाऊक हवं. पाण्यात बुड्या मारून, अंगावर पाणी उडवून आंघोळ चालली असेल तर थांबायचं. ती संपली की बदक पाण्यावर उभं राहून पंख झटकणार हे जवळजवळ नक्की. तलवार बदक, थापट्या ही वरच्यावर चरणारी मंडळी जागेवरून सरळ वर उसळतात. बुडी मारणाऱ्या लालसरीला तसं जमत नाही. ती पाण्यावर पाय मारत धावत सुटते आणि मग उठते. म्हणून तिच्यासाठी पुढे मोकळी जागा धरून ठेवावी लागते. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचा वेग ठेवला की पंखावरून निथळणारा थेंबही गोठतो.

दुपारी केवलादेवाच्या देवळापाशी गेले. या शंकरावरूनच उद्यानाला नाव पडलं. जवळच दगडी पाट्या आहेत. त्यांवर एकेका शिकारीची तारीख, पाहुण्याचं नाव, बंदुका किती आणि पक्षी किती मारले, असा हिशेब कोरला आहे. 12 नोव्हेंबर 1938, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो, पक्षी 4,273. एका दिवसात. आकड्यापुढे उभी राहिले आणि मनात आलं की बदक कुठून उठेल, वाऱ्याकडे तोंड करून कसं वळेल, हे त्या बंदूकवाल्यांनाही माहीत असणार. आज सकाळी मी जे शिकत होते ते ज्ञान मुळात त्यांचं. हे मानायला जड जातं, पण खोटं नाही.

ही जागाही निसर्गाने आयती दिलेली नाही. अठराव्या शतकात इथल्या राजा सूरजमल जाटांनी अजान बांध घातला, त्याचं पाणी इथल्या सखल जमिनीत पसरलं. पुढे संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी पाट आणि बांध घालून ते पाणी खेळवलं. 1956मध्ये अभयारण्य झालं आणि 1985मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या पुढाकाराने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली ती इथेच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला उद्यानात म्हशी चारायला बंदी झाली. त्यावरून गोळीबार होऊन माणसं मेली. आणि पुढे सोसायटीच्याच अभ्यासात दिसलं की म्हशी गेल्यावर पाणगवत माजलं आणि बदकांना लागणारं उघडं पाणी आक्रसलं. सरदारजी एवढंच म्हणाले, ‘भैंस भी ज़रूरी थी.’

बाबांना सांग, पट्टकादंब पाहिले. हिमालय ओलांडून आलेले हंस बांधावर गुमान गवत खात होते.

तुझी,
मनू


भरतपूर, 13 जानेवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

‘नुसती बदकंच आणू नकोस, एखादं फूलही आण,’ हे तुझं फर्मान. आज ते मनावर घेतलं. भरतपूरच्या बाहेर कुठेही पाच मिनिटं गेलं की मोहरीच मोहरी. जवळच सेवरला मोहरीवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, यावरून इथे या पिकाला काय किंमत आहे ते समज. एका शेताच्या मालकीणबाईंनी बांधावरून फिरायला परवानगी दिली. पिकात शिरायचं नाही, फांद्या मोडतात, ही अट.

आधी सगळं शेत टिपलं. पिवळा गालिचा, वर निळं आभाळ. किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर असतो तोच फोटो. मग मॅक्रो लेन्स लावून एकाच फुलापाशी गेले. चार पाकळ्या, सहा पुंकेसर, त्यांतले चार लांब आणि दोन आखूड. एवढ्या जवळून जेमतेम काही मिलिमीटर जागा स्पष्ट येते. केसराचं टोक धरलं तर पाकळी धूसर, पाकळी धरली तर केसर. त्यातून वारा. पिवळ्या रंगाचा आणखी एक त्रास आहे. उजेड थोडा जास्त झाला की पाकळीवरच्या शिरा पुसल्या जातात आणि उरतो एक सपाट डाग. म्हणून मुद्दाम कमी उजेडात टिपले. या कामाला धुकं उत्तम: वारा पडलेला, सावल्या नाहीत, पाकळीवर दव.

तरी काहीतरी कमी होतं. बदक काहीतरी करतं, त्याची वाट बघता येते. फूल काय करणार? एवढ्यात मालकीणबाई आल्या. एक तुरा बोटांत धरून म्हणाल्या, ‘नीचे से देखो.’ खाली शेंगा धरलेल्या. त्यांच्या वर पाकळ्या गळून गेलेले देठ. मग पूर्ण उमललेली फुलं, आणि शेंड्याला मिटलेल्या हिरव्या कळ्या. मोहरी खालून वर फुलत जाते. बदकाचा पुढचा क्षण ओळखावा लागतो. मोहरीचे कालचे, आजचे आणि उद्याचे सगळे क्षण एका दांड्यावर मांडलेले असतात. मग लेन्स एका फुलावरून काढली आणि अख्खा तुरा उभा धरला, शेंगेपासून कळीपर्यंत. आजचा माझ्या मनासारखा फोटो तोच.

ऊन चढल्यावर मधमाश्या आल्या. मधपाळ हिवाळ्यात आपल्या पेट्या मोहरीच्या शेतांच्या कडेला आणून ठेवतात. तिथल्या एकाने मध चाखायला दिला. पांढरट आणि रवाळ होता. भेसळीची शंका घेऊ नकोस, मोहरीचा मध लवकर थिजतो. बाटली घेतली आहे.

शुक्रवारी गाडीत बसते. परसातला शेवगा एव्हाना फुलायला लागला असेल. बाबांना मी येईपर्यंत तो छाटू देऊ नकोस. त्या फुलांवर शिंजीर येतात, म्हणजे तुझं फूल आणि माझा पक्षी एकाच चौकटीत बसतील. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा तेवढा काढून ठेव, मी तिथेच स्टुलावर बसणार आहे.

तुझी,
मनू