नाव नसलेल्या माणसाचं मॅनहॅटन

जाग येते ती हॉटेलच्या खोलीत. अंगावर चिंधी नाही, जवळ छदाम नाही, आणि आपण कोण हेच आठवत नाही. स्वतःचा चेहरा कसा आहे, तेही नाही. पडद्यावर चित्र एकही नाही. नुसती अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर. आपण इंग्रजीत दोन-चार शब्दांची आज्ञा टाइप करायची, की गेम पुढचा मजकूर देतो.

१९८६ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने काढलेला ‘अ‍ॅम्नेशिया’ मी डॉसबॉक्स या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर खेळायला घेतला तो त्याच्या लेखकासाठी. थॉमस डिश हा विज्ञानकथेतला माझा आवडता माणूस. न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीतल्या रहिवाशांवरचं त्याचं ‘३३४’ मी पुन्हापुन्हा वाचलंय. असा लेखक कादंबरी सोडून गेम लिहितो तेव्हा काय करतो, हे मला बघायचं होतं.

पहिल्या तासातच गेम मनात भरला. एरवी गेममधल्या नायकाला स्वतःचं घर, मित्र, शत्रू माहीत असतात. अडाणी असतो तो खेळणारा. इथे दोघेही सारखेच कोरे. एका मुलीशी आपलं लग्न ठरलंय, पण ती आठवत नाही. एक माणूस जिवावर उठलाय. का, ते ठाऊक नाही. टेक्सासचे पोलीस खुनासाठी शोधताहेत, आणि खून आपण केला की नाही हे सांगता येत नाही. मी तर निरपराध आहे असं गृहीतच धरून चाललो होतो. मग एकदम लक्षात आलं, की तसं मानायला माझ्यापाशी काहीच आधार नाही. त्या क्षणी खरंच पोटात गोळा आला.

आणि मग बाहेर शहर. एकशेदहाव्या रस्त्याच्या दक्षिणेचं सगळं मॅनहॅटन यात चौकाचौकासह भरलंय: सुमारे चार हजार ठिकाणं, साडेसहाशे रस्ते, शिवाय भुयारी रेल्वे. मूळ खोक्यात शहराचा नकाशा मिळायचा, आणि इमारतीचा नंबर लावला की जवळचा आडवा रस्ता दाखवणारी पुठ्ठ्याची चकतीही. मी नकाशाची प्रत छापून टेबलावर पसरली. न्यूयॉर्क मी पाहिलेलं नाही, तरी कुठला रस्ता कुठे फुटतो ते बोटाला पाठ झालं. दुकानं आपल्या वेळेला उघडतात, वेळेला बंद होतात. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागतात.

या शहरात चालताना भूक लागते, झोप येते. दुर्लक्ष केलं तर माणूस कोसळतो. पैसे हवेत तर भीक मागा, नाहीतर थांबलेल्या मोटारींच्या काचा पुसा. या भागाला पुष्कळांनी नावं ठेवली आहेत: कथा राहते बाजूला आणि आपण चौकामागून चौक तुडवत बसतो. तक्रार काही अंशी खरी आहे; बहुतेक चौकांत रस्त्यांच्या नावांपलीकडे वाचायला काही नाही. डिशच्या कादंबरीएवढ्या हस्तलिखितातला बराच मजकूर फ्लॉपीवर मावेना म्हणून कापावा लागला, याचं मला फार वाईट वाटतं. केव्हिन बेंटलीने प्रोग्रॅमिंगमध्ये एवढं शहर उभं केलं, आणि त्यात बोलणारी माणसं मात्र थोडी राहिली.

तरीही भुकेचा भाग काढून टाका, असं मी म्हणणार नाही. स्मृती गेलेल्या माणसाच्या गोष्टींत तो सहसा लगेच स्वतःच्या शोधाला लागतो. त्याचं जेवणखाण कोण बघतं, हे कुणी सांगत नाही. डिश सांगतो. ओळख नाही म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून निवारा नाही, आणि झोप न झालेल्या माणसाला सुगावा लागला तरी तिथवर चालत जायचं त्राण नाही. न्यूयॉर्कच्या फुटपाथवरच्या बेघरांना या गेमने जितकं जवळून दाखवलं, तितकं मला इतर कुठल्या गेमने दाखवलेलं नाही.

पुढे केव्हातरी नायकाचं नाव कळलं. हे नाव शोधायला मी इतका आटापिटा केला होता, पण तोवर माझ्या मनात त्याची ओळख काचा पुसून पावाचे पैसे जमवणारा माणूस अशी पक्की झाली होती, आणि ते भारदस्त नाव त्याच्या अंगावर काही केल्या बसेना. टेक्सासचं प्रकरण निस्तरायचं बाकी होतंच. त्याआधी मी त्याला जेवायला नेलं.