पोकरच्या हिशोबाचं बंद पडलेलं सॉफ्टवेअर

ऑनलाइन पोकर आपल्याकडे कोण खेळतं, असं विचारणाऱ्यांनी एकदा शहापूर-मुरबाडच्या पोरांचे लॅपटॉप बघावेत. गटारीला तीन पत्ती खेळणारा आपला भाग. तीच बैठक मोबाईलवर आणि काहींची लॅपटॉपवर सरकली, एवढंच. त्यातले जरा गंभीरपणे खेळणारे ट्रॅकर ठेवतात. झालेल्या प्रत्येक डावाची नोंद एका फाइलमध्ये पडते, ट्रॅकर ती वाचतो आणि तुम्ही कुठे जिंकता, कुठे हरता याचा हिशोब मांडतो.

माझं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. किन्हवलीकडचा एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला. "दादा, ट्रॅकर उघडला की लगेच बंद पडतोय. दोनदा काढून परत टाकला, तरी तेच." म्हटलं, अरे, पैशांचा पोकर तर ऑगस्ट २०२५ मध्येच बंद झाला, आता कशाला हवाय? तर म्हणाला, सगळा हिशोब त्यात आहे. घरी सांगायचंय, पण नेमका आकडा मलाच माहीत नाही.

मग बसलो.

असे बरेच ट्रॅकर स्वतःकडे डाव साठवत नाहीत. मागे पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस वेगळा चालू असतो. तो उठला नाही की ट्रॅकर कोसळतो, आणि आपण ट्रॅकरलाच शिव्या देतो. म्हणून ट्रॅकर दहा वेळा टाकून उपयोग नसतो. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये पाहिलं, पोस्टग्रेस थांबलेला. चालू केला, परत थांबला. लॉग वाचल्यावर कळलं. याच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, मशीन नुसत्या चार्जरवर. आपल्याकडे पावसात लाइट कशी जाते ते सांगायला नको. लाइट गेली की मशीन जागच्या जागी बंद, आणि डेटाबेस अर्धवट लिहिताना अडकलेला. वर सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला.

आधी सर्व्हिस बंद ठेवून अख्खा डेटा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केला. हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर. मग जुने सिनेमे, डाउनलोड काढून जागा केली. जागा करायची म्हणून काही जण डेटाबेसमधलाच पीजी-वाल नावाचा फोल्डर उडवतात. तो उडवला की संपलं, कारण लाइट गेल्यावर सावरायला पोस्टग्रेस त्यातूनच वाचतो. अँटिव्हायरसलाही तो डेटा फोल्डर सोडायला सांगितलं. परत सर्व्हिस चालू केली आणि हात लावला नाही. तो आपला आपण सावरतो, मध्ये बंद केलं तर पहिल्यापासून.

ट्रॅकर उघडला. पोरगा गप्प. आकडा त्याचा आहे, इथे लिहिणार नाही. पण एक गोष्ट लिहितो. रेक, म्हणजे प्रत्येक पॉटमधून साइट कापून घेते तो हिस्सा, त्याचा वेगळा रकाना असतो. याच्या नुकसानीतला मोठा भाग तिथे होता. समोरच्यांकडून हरला त्याहून जास्त टेबलाच्या भाड्यात गेलं. पत्त्यांच्या बैठकीत नाळ काढणारा कधी हरत नाही, हे आपल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं.

कायद्याबद्दल लोक काहीही बोलतात, म्हणून सांगतो. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैशांचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. तेव्हा पोलीस धरतील म्हणून घरी लपवत असाल तर लपवू नका. कर्ज लपवलं की वाढतं, व्याज काही थांबत नाही.

आणि आता टेलिग्रामवर लिंक फिरतायत, "तोच पोकर, नवीन ॲप." प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायचं. उघडलं की बंद पडतं आणि एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ते बिघडलेलं ॲप नाही, त्याला तुमचा ओटीपी पाहिजे. असला फोन माझ्याकडे आणलात तर ॲप चालू करून मिळणार नाही, काढून मिळेल. आणि त्याच दिवशी बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा.

ट्रॅकर अडकलेल्यांनी लॅपटॉप फॉरमॅट मारायच्या आधी एकदा दाखवा. हिशोब बघायचे पैसे घेत नाही. फक्त येताना चार्जर आणा, सगळे विसरतात.